पलीकडचा पिवळा टॉवेल

३ फेब्रुवारी

ताई,

वर नमस्कार लिहिलेला नाही, कारण करायचा नाहीये. दोन वर्षं तोंड उघडलं नाही आणि आज पत्र लिहिते आहे, म्हणजे मी विरघळले असं समजू नकोस. मला एकच गोष्ट विचारायची आहे. ती विचारून झाली की तू तुझ्या बाजूला, मी माझ्या.

तुमच्या गॅलरीत टॉवेल कोण वाळत घालतं?

मीच सांगते. आई घालत नाही. आई टॉवेल आधी झटकते, कडेला कड जुळवते आणि कठड्यावर इस्त्री केल्यासारखा पसरते. हल्ली तो दोरीला चिमट्याने लटकलेला असतो, एक टोक वर, एक खाली. ही तुझी पद्धत. शाळेत असताना तू आपल्या दोघींचे फ्रॉक असेच वाळत घालायचीस आणि सुरकुत्यांवरून बोलणी मी खायची.

हे टॉवेल आईने का सुरू केले ते तू विसरली नसशील. आपल्या दोन घरांच्या मधून हा मोठा रस्ता झाला, त्याच्या आवाजात तिला फोनवरचं काही ऐकू येईना, म्हणून. पिवळा म्हणजे 'उठले, बरी आहे'. लाल म्हणजे 'असाल तसे या'. तिचा पिवळा दिसला की मी इकडून पिवळा लावायचा, तो बघून ती आत जायची. तुझं-माझं फाटलं तरी आमचं हे चालूच होतं. त्यात तू कधी मोडता घातला नाहीस, त्याबद्दल आभार. एवढं तरी म्हणायला हवं.

पण आता तू मध्ये आली आहेस. आई आजारी आहे का? खरं लिही. फोन करू नकोस. तुझा आणि भावजींचा नंबर मी बंद करून ठेवला होता तो तसाच आहे.

चौकातलं पोस्ट रस्त्यात गेलं, त्यामुळे हे पत्र आधी शहराबाहेरच्या मोठ्या पोस्टात जाणार आणि तिथून फिरून तुझ्याकडे येणार. चार दिवस तरी लागतील म्हणे. शिलाई मशीनवरून मान वर केली की मला तुझी गॅलरी दिसते, चहाचा कप तू कुठल्या हातात धरलायस तेही दिसतं. पत्राला मात्र परगावी जाऊन यावं लागतं.

धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

'आई बरी आहे. थोडी सर्दी. काळजी नसावी.' एवढंच? शब्दाला पैसे पडतात की काय तुमच्याकडे?

सर्दी म्हणजे किती सर्दी? आई गॅलरीत यायची थांबते ती सर्दीने नाही. माझ्याकडे सकाळी खिडकीची चौकट पुसली तर दुपारी पुन्हा फडकं काळं निघतं. वारा तर तुमच्या बाजूला जातो. ते सगळं तिच्या छातीत उतरतंय आणि तू मला सर्दी लिहितेस.

भावजींना विचार, घराला सोन्याचा भाव आला का? रस्त्यासाठी सह्या गोळा करत फिरत होते तेव्हा माझ्या दारात उभे राहून म्हणाले होते, "मेहुणीबाई, एकदा सिग्नल जाऊ दे, मग बघा, गाड्या सुसाट!" मी सही केली नाही तर हसले होते. आता तुम्हाला खिडकी उघडायची सोय नाही, आणि ऑफिसला पोचायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, असं पोस्टमन सांगत होता. सुसाट म्हणे.

शाळा तुमच्या बाजूला राहिली आणि निम्मी मुलं आमच्या. घंटा खिडकीतून ऐकू येते, पण पोरांना व्हॅनमध्ये कोंबून पार लांबच्या वळणावरून नेतात. त्यांचे युनिफॉर्म अजून माझ्याकडेच येतात. दरवर्षी मापं घेते ना, कमरा वाढत चालल्यात आणि उंची तेवढीच. पूर्वी पँटी गुडघ्यावर फाटून यायच्या. आता बसायच्या जागी विरून येतात. मी तिथे दुहेरी कापड लावायला लागले आहे.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण पेन हातात आहे तर लिहूनच टाकते.

तू लाल लावलास. लावायलाच हवा होतास. आईच्या घशात घास अडकला होता, डोळे फिरले होते, ॲम्ब्युलन्स वळणावरच्या गर्दीत अडकून पडली होती. आपला दवाखाना जोडरस्त्यासाठी पाडला, तरी चौकातले सगळे ह्यांनाच बोलवायचे. होते कंपाउंडर, पण हात डॉक्टरचा. ह्यांनी लाल बघितला आणि चप्पलसुद्धा घातली नाही. कुंपणाच्या भोकातून गेले, मधल्या दुभाजकावर चढले, तिथपर्यंत मी बघत होते. त्याच्या पुढचं तूही बघितलंस. तिकडे आईचा घास खोकता खोकता सुटला आणि ती उठून बसली.

मला सगळं कळतं. तुझं काही चुकलं नाही हेही कळतं. तरी तुझा चेहरा समोर आला की मला तो टॉवेल दिसतो. त्याला मी काय करू?

आईला काय झालंय ते लिही.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. तोवर मी एक उद्योग करून आले. आपल्या दोन घरांच्या मध्ये सिग्नल आणि पांढरे पट्टे मागणारा अर्ज मी मागेच टाकला होता. त्याच्या सुनावणीला बोलावलं होतं, रस्ते खात्याच्या नव्या ऑफिसात.

ते ऑफिसही अशा ठिकाणी बांधलंय की तिथे बस जात नाही. बस परवडत नाही म्हणून तो मार्गच बंद केलाय. टॅक्सीवाल्याने मला अलीकडेच सोडलं, आणि मी चालत फाटकाशी गेले तर पहारेकरी म्हणतो, "गाडी कुठाय?" म्हटलं, गाडी नाही, मीच आहे. तो गोंधळलाच. गाडीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय त्याचं फाटक उघडत नव्हतं. शेवटी एका ट्रकच्या मागून मला आत घेतलं.

साहेब वयाने माझ्याएवढाच होता, चष्मा कपाळावर. आवाज मऊ.

"बाई, तुमच्या तिथे पादचारी नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मोजणी झालीय ना. दिवसभर माणूस बसवला होता. रस्ता ओलांडणारे, शून्य. शून्य माणसांसाठी सिग्नल कसा देऊ?"

"अहो साहेब, दोन्हीकडे कुंपण घातलंत, मध्ये दुभाजक बांधलात. कोण ओलांडणार?"

"तेच म्हणतोय मी. मागणी नाही."

मला हसू आलं, खरंच. मग त्याने चहा मागवला आणि मला समजावत बसला. सिग्नल लावला की प्रत्येक गाडी थोडी थांबणार. सगळ्या गाड्यांचं थांबणं एकत्र केलं की वर्षाचे केवढे तरी तास होतात, तासांचे पैसे होतात, आणि तेवढा म्हणे जनतेचा तोटा. मी विचारलं, माझी आई समोर दिसते आणि मला तिच्याकडे जायला अर्धा दिवस मोडतो, तो तोटा कुठे धरलाय? त्याने कागद उलटापालटा केला. तसं काही धरायची पद्धत नव्हती.

मग मी विचारलं, "एक जण ओलांडत होते. त्यांना मोजलंत का?"

"कधी?"

मी तारीख सांगितली. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाला, "ते अपघातांत येतं, बाई. तो विभाग वेगळा."

ताई, मी तिथे आरडाओरडा करायला हवा होता. एरवी माझं तोंड किती चालतं ते तुला माहीत आहे. पण एवढंच विचारलं की दवाखाना परत बांधायला पैसे नव्हते, बसला नाहीत, मग हा रस्ता दर वर्षी उखडून नवा करायला कुठून येतात? तर म्हणाला, "रस्ता ठेवायचा म्हणजे खर्च आलाच." माणसं ठेवायची म्हणजेही येतच असेल की, पण ते मी बाहेर आल्यावर सुचलं.

अर्ज नामंजूर. चहा मात्र चांगला होता.

धाकटी


१२ मार्च

ताई,

तुझं मोठं पत्र आलं. मशीनवर बसूनच वाचलं आणि सुई तशीच कापडात राहिली.

म्हणजे आई जानेवारीपासून अंथरुणातच आहे. नाकाला नळी लावली आहे, दोन घास मऊ भात खाते, डॉक्टर म्हणतात आता सांगता येत नाही. आणि तू रोज सकाळी उठून तिच्या जागी पिवळा लावत होतीस, मी घाबरू नये म्हणून. 'तुला कळलं असतं तर तू धावत आली असतीस, म्हणून नाही सांगितलं,' असं लिहिलंस. आले असतेच. दुसरं काय करतात असं कळल्यावर? खूप चिडले तुझ्यावर. मग खूप रडले. मग पुन्हा चिडले.

भावजी गाडीने न्यायला येतील म्हणतेस. नको. त्या गाडीत मी बसणार नाही, हे तेव्हाच सांगितलंय.

शाळेची ऑर्डर आहे, ती संपली की येते, असं लिहिणार होते. ऑर्डर आहेच, पण ते कारण नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी टॅक्सी केली होती. ती चढावरून त्या रस्त्याला लागली आणि माझे हातपाय गार पडले. वळसा घेऊन तुझ्या बाजूने परत यायचं, म्हणजे जिथे हे पडले त्या जागेवरून चाकं न्यायची. मी म्हटलं, थांबवा. टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, इथे थांबता येत नाही हो." पुढच्या फाट्याला त्याने सोडलं, पाणी दिलं, पैसे घेईना. तिथून भिंती धरत घरी आले. दोन वर्षं मी आले नाही ते सगळं तुझ्यावरच्या रागाने, असं तू समजत असशील. मीही तसंच समजत होते.

आईचे हात गार पडतात का? पायांत तिचे लोकरीचे मोजे घाल, ते उजव्या कपाटात मागे आहेत. रात्री तिला भिंतीकडे तोंड करून झोपवू नकोस, तिचा जीव घुसमटतो. तुला हे सगळं माहीत असेल. मला लिहायचं आहे म्हणून लिहिते.

मी मन घट्ट करते आहे. रविवारी पुन्हा बघते. पण एक ऐक. त्याआधी काही कमीजास्त वाटलं, तर लाल लाव. मग मी टॅक्सी नाही, वळसा नाही, काही बघणार नाही. ते कुंपणाचं भोक अजून तसंच आहे. तिथून सरळ येईन. हे गेले तशी जाईन, पण येईन. आईला हे पत्र वाचून दाखव, मोठ्याने, तिच्या डाव्या कानाशी.

धाकटी


२५ मार्च

ताई,

आई गेल्यापासून मी मशीन उघडलेलं नाही. आज पत्र लिहायला बसले, तेही दोनदा फाडून झालंय.

तिच्या उशाशी उभं राहून मी तुला जे बोलले, ते तुमच्या सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. "तेव्हा लावलास आणि माझा माणूस गेला, आता लावला नाहीस आणि माझी आई गेली." तू आईची चादर नीट करत राहिलीस. मला वाटलं, बघा, हिच्याकडे बोलायला काही नाही.

माझ्याकडून काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. रविवारी मी निघालेच नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी पिवळा होता. मी पिवळा लावला आणि कामाला बसले. कॉलरी बसवत होते आणि चक्क गुणगुणत होते. दुपारी दार वाजलं तर भावजी. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. "चला," एवढंच म्हणाले. मी मशीनचं झाकणसुद्धा न लावता त्यांच्या गाडीत जाऊन बसले. कधी बसणार नव्हते ना, बसले.

आणि निघालो ते माझ्याच घरासमोर अडकलो. पुढे रस्ता पुन्हा उखडलाय, एकच रांग सोडत होते. समोर दुभाजक, त्याच्या पलीकडून गाड्या भरधाव सुटलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून तुझी गॅलरी. पिवळा टॉवेल, एक टोक वर, एक खाली. मी भावजींना म्हटलं, "पिवळा आहे, म्हणजे आई बरी आहे ना?" ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. तेव्हा मला कळलं. मी दाराला हात घातला तर दार उघडेना. त्यांनी लॉक करून ठेवलं होतं. "तिने बजावलंय," म्हणाले. मी त्यांच्या दंडावर मारलं, ताई. बोचकारलं. ते बसून राहिले. माझ्या मशीनपासून तुझ्या दारापर्यंत चालत दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि आम्ही तिथे बसून होतो, पुढे एक बाई आरशात बघून केस नीट करत होती.

परतीच्या वळणानंतर त्या जागेवरून गाडी गेली. मी डोळे मिटले नाहीत. तिथे काहीच नाही. डांबर आहे.

पुढचं तुला माहीत आहे. आई अजून गरम होती.

संध्याकाळी भावजी मला सोडायला आले, तेव्हा गाडीत त्यांनी सांगितलं. तू सांगितलं नसतंस, मरेपर्यंत नसतं सांगितलंस, तुझा स्वभावच तसला. त्या सकाळी आईने कपाटाच्या खालच्या खणाकडे बोट दाखवलं. बोलता येत नव्हतं, पण दाखवत राहिली. तू लाल काढलास. गॅलरीत गेलीस. मी मान खाली घालून शिवत होते, ते तुला दिसत होतं. एक हाक मारली की ऐकू यावी एवढी जवळ, पण त्या आवाजात हाक कुठली ऐकू येते. तू तो टॉवेल हातात घेऊन नुसती उभी राहिलीस. मग छातीशी धरून आत आलीस आणि आईच्या डाव्या कानाशी म्हणालीस, "लावला गं आई. बघितला तिने. निघाली." आणि बाहेर येऊन भावजींना म्हणालीस, "तुम्ही जा आणि तिला घेऊन या. काही झालं तरी दार उघडू देऊ नका."

ते निघाले तेव्हा आई दाराकडे बघत होती, असं ते म्हणाले. चेहरा हसरा होता म्हणाले. मी पोचले तेव्हा तिची मान दाराकडेच होती, ती मला वाटलं सहज.

तू तिच्याशी खोटं बोललीस. शेवटचं बोलणं ते, आणि खोटं. आणि त्यावर मी तुला असं बोलले.

मी आले असते, ताई. लाल दिसला असता तर सुई कापडात ठेवून उठले असते. मीच तसं लिहून पाठवलं होतं, आणि तू ते तिला वाचूनही दाखवलं होतंस. मला गाड्या दिसल्या नसत्या, ह्यांना तरी कुठे दिसल्या. आज हे पत्र लिहायला मी उरले नसते आणि तुझ्याकडे एकाच दिवशी दोघी गेल्या असत्या. तुला हे टॉवेल हातात असताना कळलं. मला कळायला इतके दिवस लागले.

काल मोजणीवाला पुन्हा आला होता. कुंपणाशी खुर्ची टाकून दिवसभर बसला. शून्यच लिहून नेलं असेल. त्याच्या शून्यात मी आहे, धडधाकट, ती तुझ्यामुळे. त्याला जाऊन सांगावंसं वाटलं, पण तो तरी बिचारा काय करणार.

लाल टॉवेल फाडून टाक. पायपुसणंसुद्धा करू नकोस त्याचं. आपल्याला आता तो कधीच लावायचा नाही. तू आजारी पडलीस तरी नाही, मी पडले तरी नाही. कोणी गाडी घेऊन येईल तेव्हा येईल.

पिवळा मात्र आत नेऊ नकोस. आई गेली त्या दिवसापासून तुझी दोरी रिकामी आहे आणि मला सकाळी कामाला बसवत नाही. रोज लाव. चिमट्याने लाव, वाकडा लाव, मी नावं ठेवणार नाही. ठेवलीच तर पत्रातून ठेवीन.

हे तुला मिळायला चार दिवस लागणार. तोवर तुला काही कळणार नाही. मी आज माझा लावलाय, उद्याही लावीन, परवाही. तू बघशील आणि वाटेल की हिने नुसता वाळत टाकलाय. तसा नाही तो, ताई. तो तुझ्यासाठी आहे.

तुझी धाकटी